चाकांची वाट ठरवा: काळं रान दबू नये म्हणून

आधी रान किती दबलंय ते बघा. वापशावर (ओल ना जास्त ना कमी असताना) 8 मिमीची सळई हातानं खुपसा. वीतभर सहज जाऊन एकदम अडली, तर खाली तवा, म्हणजे दबून घट्ट झालेला थर, धरलाय. तिथं दीड फूट खड्डा घ्या. तुरीचं सोटमूळ त्या थरावर आडवं वळलेलं दिसेल.

तवा सबसॉयलरनं (खोलवर फाडणाऱ्या अवजारानं) एप्रिल-मेमध्ये, रान पार वाळल्यावर फोडा. ओल्या काळ्या मातीत तो नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. आणि फोडलेल्या रानात ट्रॅक्टर वाटेल तसा फिरला, तर खर्च पाण्यात गेला. मोकळ्या मातीला पहिली फेरीच सगळ्यात जास्त दाबते.

म्हणून ट्रॅक्टरची चाकं दरवेळी त्याच ठरलेल्या वाटांवरून न्या. दोन वाटांमधलं माप 150 सेंमी धरा. उसाच्या पाच फुटी ओळींना ते जुळतं. रुंद वरंब्यालाही जुळतं: 45 सेंमी सरी, 105 सेंमी माथा, माथ्यावर 30 सेंमीनं सोयाबीनच्या चार ओळी किंवा 45 सेंमीनं रब्बी ज्वारीच्या तीन. मागच्या टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा, 150 भरलं पाहिजे. कमी भरलं तर रिम-डिस्क उलटवून वाढवा. त्यात चाक उलटं झालं, तर डावं उजवीकडे लावा, नाहीतर टायरची नक्षी उलटी पडून पकड जाते. पुढची चाकंही त्याच मापावर आणा. नट तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळा.

पहिली ओळ दोरी आणि चुन्यानं आखा, दोन्ही बांधांवर लोखंडी खुंट्या कायमच्या ठोका. पुढच्या फेरीत एक चाक आधीच्याच सरीतून येतं. 35 सेंमीचा टायर धरला तर 23 टक्केच जमीन दबते. सरीला शंभर मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास उतार ठेवा. उतार जास्त झाला तर चाकोरीतूनच माती वाहून जाते. वळायला दोन्ही टोकांना सहा मीटर पट्टी सोडा. ती दबणारच.

आडवी नांगरट आणि सबंध रानात रोटाव्हेटर बंद. एका फेरीत वरंबे मोडतात, वाटा हरवतात.

खरी अडचण भाड्याच्या ट्रॅक्टरची. प्रत्येकाचं चाकांचं माप वेगळं, म्हणून रानात घेण्याआधी टेप लावा. उसाची ट्रॉली त्याहून वाईट: भरलेली, जड, आणि तिची चाकं सरीत बसत नाहीत. तोडणीआधीच टोळीच्या मुकादमाशी बोला, ट्रॉली वळणाच्या पट्टीवरच उभी राहील आणि मोळ्या तिथपर्यंत येतील. लांब रानात मध्ये एक पट्टी त्यासाठीच मोकळी ठेवा.

सप्टेंबरच्या पावसानंतर पेरणीची घाई असते. तेव्हा मूठभर माती वळून बघा. वळी न तुटता लांब होत गेली, तर त्या दिवशी चाक घालू नका.