उसाच्या ट्रॉलीला लांब आरसे लावताय? मग या चुका टाळा

कारखाने सुरू झाले की लातूर, बीड, धाराशिव, परभणी, कुठल्याबी रस्त्याला रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि दरवर्षी मला तेच ते बघायला मिळतं. ट्रॅक्टर नवा कोरा, टेप दणदणीत, आरशाला गोंडे, आणि त्या आरशात बघावं तर नुसता मागच्या ट्रॉलीतला ऊस. रस्ता दिसतच नाही. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, आरसा लावलाय की. अहो पण त्यात दिसायलंय काय ते बघा ना एकदा. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आरसा ट्रॅक्टरच्या मापाचा ठेवणे. मडगार्डपेक्षा ट्रॉली रुंद असते, त्यात ऊस भरला की तो दोन्ही बाजूंनी आणखी बाहेर येतो, म्हणजे कंपनीच्या आखूड दांडीचा आरसा पूर्ण मालाच्या आड जातो. आरशाची काच मालाच्या कडेच्या बाहेर आली पाहिजे, ट्रॉलीच्या फाळक्याच्या (बाजूच्या पत्र्याच्या) नाही, मालाच्या. आणि दोन्ही बाजूंनी. डावीकडचा आरसा तर निम्म्या ट्रॅक्टरवर नसतोच, ओव्हरटेक करणारे उजवीकडून येतात मग डावा कशाला लागतो असं म्हणतात. कशाला लागतो ते ऐका.

अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर बर्दापूरच्या पुढं घडलेली गोष्ट आहे. आमच्या भावकीतलं एक पोरगं डबल ट्रॉली, म्हणजे एकामागं एक दोन ट्रॉल्या, घेऊन पुढं होतं आणि मी मागच्या ट्रॅक्टरवर. त्याचा डावा आरसा काढून पेटीत ठेवलेला, का तर फडातून निघताना बांधावरच्या बाभळी लागतात आणि काच फुटते. डिझेल घ्यायला डावीकडं पंपात वळायचं होतं. आता डबल ट्रॉली डावीकडं घ्यायची म्हणजे आधी ट्रॅक्टर जरा उजवीकडं काढावा लागतो, नाहीतर मागची ट्रॉली आत कापते आणि खांबाला घासते. तसं त्यानं काढला, बरोबरच होतं ते. पण उजवीकडं काढल्यावर डाव्या बाजूला मोठी मोकळी जागा तयार झाली आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वाटलं की ट्रॅक्टरनं आपल्याला वाट दिली. नवरा-बायको दोघं होते गाडीवर. ते शिरले त्या जागेत आणि त्याच वेळेला ह्यानं स्टेअरिंग डावीकडं ओढलं. मी मागून हॉर्न वाजवतोय, ओरडतोय, पण त्याच्या टेपच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. मोटारसायकलवाला शहाणा, त्यानं गाडी सोडून दिली आणि दोघं साईडपट्टीवरून चारीत पडले. गाडीच्या पुढच्या चाकावरून ट्रॉलीचं चाक गेलं. बाईचा हात मोडला, त्याला खरचटण्यावर भागलं. पोरगं खाली उतरून थरथर कापायलं होतं आणि एकच म्हणत होतं, "काका, मला दिसलेच नाहीत हो." मी त्याच्या सीटवर बसून बघितलं. खरंच दिसत नव्हतं. डावीकडं मान वळवली तरी नुसता ऊस.

बाभळीचं कारण खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्याला आरसा काढणे हा उपाय नाही, दांडीला बिजागरी लावणे हा उपाय आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून पाऊण इंची पाईपची दांडी करून घ्या, मधी बिजागरी आणि पेचाचा नट, फडात असताना आत दुमडायचा, डांबरीवर आला की बाहेर काढायचा. सरळ वेल्डिंग मारून टाकणारे लई आहेत, त्यांची दांडी फांदीला अडकली की मडगार्डाचा पत्रा फाडून जाते. दुमडणारी दांडी मागं सरकते, एवढाच खर्च वाचवायचा असेल तर ट्रॉलीच्या एका टायरची किंमत आठवा.

दुसरी चूक मला पहिल्याइतकीच खटकते. घरी वाड्यासमोर रिकामी ट्रॉली जोडून आरसे सेट करायचे आणि मग हंगामभर हात लावायचा नाही. दोन चाकी ट्रॉली भरली की मालाचं काही वजन हुकावर येतं, ट्रॅक्टरची मागची टायरं दबतात, तोंड वर उचलतं, आणि मागं बघणारा आरसा उलटा खाली बघायला लागतो. मग त्यात दिसते नुसती जवळची जमीन. म्हणून आरसा सेट करायचा तो भरलेल्या ट्रॉलीवर, सपाट जागेवर, ट्रॅक्टर-ट्रॉली एका रेषेत उभी करून, आणि तुम्ही नेहमी बसता तसंच बसून. ताठ बसून सेट केलं आणि नंतर रात्री दोनला स्टेअरिंगवर वाकून बसला तर सगळं माप हुकतं.

माप कशावरून घ्यायचं? ब्रिटनमध्ये लोक कारमागं कॅराव्हॅन म्हणजे चाकावरची खोली जोडून फिरतात. कॅराव्हॅन कारपेक्षा रुंद असली की तिथं दोन्ही बाजूला असे वाढवलेले आरसे लावावेच लागतात. त्यांचं माप असं, ड्रायव्हरच्या मागं २० मीटरवर, कॅराव्हॅनच्या कडेपासून बाहेर ४ मीटर रुंदीचा रस्ता दिसला पाहिजे. आणि आरसा कॅराव्हॅनच्या रुंदीच्या बाहेर २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त काढायचा नाही. मला हे माप पटलं, पण डबल ट्रॉलीला ते जसंच्या तसं चालत नाही, कारण ड्रायव्हरपासून २० मीटर म्हणजे आपल्या मागच्या ट्रॉलीच्या शेपटाच्या जरासंच मागं. म्हणून मी शेपटापासून मोजतो. टोळीतल्या एकाला शेपटापासून वीस मोठ्या ढांगा मागं जायला लावायचं, हातात वाढं (उसाचा हिरवा शेंडा) घेऊन, ट्रॉलीच्या कडेच्या रेषेत उभा कर, मग बाजूला चार ढांगा सरकव. दोन्ही ठिकाणी तो अख्खा दिसला पाहिजे, डोकं-पाय सकट. मग दुसऱ्या बाजूला तेच. काचेच्या आतल्या कडेला मालाची बारीक पट्टी दिसू द्यावी म्हणजे आपली ट्रॉली कुठं संपते ते कळतं, बाकी सगळा रस्ता. पाच मिनिटाचं काम आहे. पण आजकालच्या पोरांना खेप टाकायची इतकी घाई की पाच मिनिटं जड जातात, आणि तीच पोरं कारखान्याच्या यार्डात नंबरसाठी रात्र रात्र बसून राहतात. तिथं बसून करा की मग, ट्रॉली भरलेलीच असते.

फुगीर काच की सपाट? मी उजवीकडं सपाट आणि डावीकडं फुगीर लावतो. फुगीर काचेत जागा जास्त दिसते पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, नवशिके इथंच फसतात, लांब आहे समजून ट्रॉली बाहेर काढतात आणि ट्रॅव्हल्स तोवर शेजारी आलेली असते. फुगीर काचेत गाडी दिसली की ती जवळच आहे असं धरून चालायचं.

लांब दांडी थरथरते. एका दांडीवर जड ट्रकचा आरसा लटकवला की इंजिन रेस केल्यावर एका हेडलाईटच्या चार दिसायला लागतात. खालून दुसरी तिरकी दांडी द्या, क्लॅम्पच्या आत जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, आणि आरसा बघायचा तो इंजिन रेस करून बघा, बंद ट्रॅक्टरवर सगळेच आरसे चांगले दिसतात. सुतळी, तार, चिकटपट्टी यांनी बांधलेला आरसा मी ट्रॅक्टरवर ठेवूच देत नाही.

मडगार्डावर माणसं बसवू नका, अख्खा आरसा झाकतात.

काचेवर स्टिकर, गोंडे, देवाचं नाव, यातलं काहीच नको. देवाचं नाव बोनेटवर लिहा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं आणि त्यावर धुराळा बसतो, काच पांढरी होते. सीटखाली ओलं फडकं आणि जुना पेपर ठेवा, वजनकाट्यावर थांबलात की पुसा.

आणि एवढं सगळं करूनही ट्रॉलीच्या बरोबर पाठीमागची जागा कुठल्याच आरशात दिसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मोटारसायकलवाले लाईट चुकवायला तिथंच चिकटून चालतात. त्यांना तुम्ही दिसायला पाहिजे, म्हणून मागच्या फाळक्यावर लाल रेडियम, आणि उसानं ते झाकलं जात असेल तर खाली चेसिसवर. वळताना पण आरशावर विसंबू नका, वळणात आतल्या आरशात फक्त ट्रॉलीची बाजू दिसते आणि बाहेरच्यात शेत. मान वळवून बघायचं, हळू घ्यायचं.

ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर गावात नेताना आरसे आत घ्या. बाहेर निघालेली दांडी गल्लीत बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीला येते, शाळा सुटायच्या वेळेला तर लई जपून. आणि बिजागरीचा नट रोज पहिल्या खेपेआधी हातानं हलवून बघा, ढिला लागला तर पाना लावा, त्या मापाचा पाना पेटीत न टाकता सीटखाली फडक्याजवळच ठेवा म्हणजे अंधारात शोधत बसावं लागत नाही.