ई-स्कूटरची हब मोटर डिझाइन करताय? मग आधी मॅग्नेट किती तापणार ते बघा

उद्यमबागेत आता बरीच पोरं ई-स्कूटरची हब मोटर, म्हणजे चाकातच बसणारी मोटर, स्वतः करायच्या मागं लागलीत, आणि का लागू नये, लेथ, वायरकट, फाउंड्री, वाइंडिंगवाले सगळं बेळगावातच आहे. पण "एन ५२ घाल, सगळ्यात ताकदीचा मॅग्नेट" असला सल्ला जो तो देत सुटलाय, तो ऐकून डोकं फिरतं. म्हणून मी ज्या क्रमानं करतो ते लिहितोय. थ्री फेज, कंट्रोलर, हॉल सेन्सर हे माहीत आहे असं धरतो.

आधी टॉर्क. गाडी आणि दोन माणसं मिळून २४० किलो, चढ १० टक्के, चाकाची त्रिज्या २३ सेंटीमीटर धरली तर चाकावर साधारण ६२ न्यूटन-मीटर लागतात. चोर्ला घाटाकडं जाणारी गाडी असा चढ ताशी ३० नं चढली तर सव्वादोन किलोवॅट, आणि तेही थांबून थांबून नाही, सलग. सपाट रस्त्यावरचा टॉप स्पीड बघून मोटर ठरवू नका, करंट चढाला लागतो आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते.

स्लॉट (वाइंडिंगच्या खाचा) ३६, पोल (मॅग्नेट) ३२. वाइंडिंग फॅक्टर, म्हणजे फ्लक्सचा किती भाग वाइंडिंगच्या कामी येतो ते, ०.९४५ मिळतो आणि कॉगिंग, म्हणजे फिरताना बसणारे झटके, एकदम कमी. ३६ ला २४ पोल करू नका, चाक हातानं फिरवलं तरी खटखट जाणवतं. स्टँपिंग (स्टेटरचे पत्रे) ०.३५ मिलिमीटरचं घ्या, एअर गॅप (स्टेटर आणि मॅग्नेटमधली फट) ०.७ ते ०.८ मिलिमीटर, बस्स.

आता मॅग्नेट, आणि इथं घाई नको. मलाही हा भाग डोक्यात बसायला लई वेळ गेला, कारण आपल्याकडं बहुतेकांचा हात पंपाच्या मोटरवर बसलेला. तिथं रोटरमध्ये मॅग्नेटच नसतो, तो तापला तरी गार झाल्यावर पहिल्यासारखा चालतो, त्यामुळं सगळं लक्ष वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर. क्लास एच वायर घातली, १८० डिग्री सोसते, झालं काम! पण साधा एन ग्रेडचा निओडिमियम ८० डिग्रीपर्यंतच धरा. वरच्या ग्रेडमध्ये एच १२०, एसएच १५०, यूएच १८०. म्हणजे तांबं मजेत असतं आणि मॅग्नेट कायमचा उतरतो, गार केला तरी परत येत नाही.

कॅटलॉगमधला हा आकडासुद्धा पूर्ण खरा नाही. एन ५२ चा फ्लक्स जास्त आहे हे मान्य, पण बघायची असते कोअर्सिव्हिटी, म्हणजे उलट्या फील्डला टिकायची ताकद. तापमान १०० डिग्रीनं वाढलं की फ्लक्स जेमतेम १२ टक्के घटतो, कोअर्सिव्हिटी मात्र निम्म्याच्याही खाली येते, आणि नेमकं त्याच वेळी चढावर कंट्रोलर पीक करंट ढकलत असतो. आधी मॅग्नेटचा एका बाजूचा कोपरा मरतो, मग रेंज कमी, करंट जास्त, आणखी गरम. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली!

माझं ठाम मत, ४२ एसएचच्या (४२ हा ताकदीचा आकडा, एसएच ही तापमानाची ग्रेड) खाली जाऊ नका. आणि जाडी ३ मिलिमीटरवर अडून बसू नका, ३.५ किंवा ४ करा, कारण तेवढ्याच अँपिअर-टर्न्सचा मार जाड मॅग्नेटमध्ये विभागला जातो. फेम (FEMM) हे मॅग्नेटिक फील्ड काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीतला मॅग्नेट तसाच उचलू नका, तो रूम टेंपरेचरचा असतो. सप्लायरकडून १२० डिग्रीचा बीएच कर्व्ह (उलट्या फील्डला फ्लक्स किती उरतो त्याचा आलेख) मागा, तो भरा, करंट पीकचा द्या आणि मॅग्नेटच्या कोपऱ्यात फ्लक्स कर्व्हच्या गुडघ्याखाली, म्हणजे कर्व्ह एकदम खाली वळतो त्या जागेच्या खाली, जातोय का ते बघा, तिथं गेला की मॅग्नेट कायमचा उतरतो. कर्व्ह देत नाही म्हणणाऱ्याकडून माल घेऊच नका. एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोशियम आणि टर्बियमच्या एक्स्पोर्टवर कंट्रोल लावलं, वरच्या ग्रेडमध्ये बहुतेक वेळा हेच पडतात, त्यामुळं एसएचच्या नावाखाली दुसरंच काही गळ्यात पडू शकतं.

चिकटवणं सोपं आहे. रोटर बाहेरचा असल्यानं फिरताना मॅग्नेट रिमवरच दाबले जातात, चांगला इपॉक्सी आणि एक आड एक पोल (नॉर्थ, मग साउथ), एवढं सांभाळा.

मग टेस्ट, ही चुकवायची नाही. मोटर लेथवर ३०० आरपीएमनं फिरवा, दोन फेजमधला एसी व्होल्टेज लिहून ठेवा, मॅग्नेट उतरला की तोही पडतो. मग ओव्हनमध्ये १२० डिग्रीला आतपर्यंत तापू द्या, गरम असतानाच चाक जाम करून पीक करंट काही सेकंद द्या, कारण नुसत्या ओव्हनमध्ये उलटं फील्ड नसतं आणि खराब मॅग्नेटही पास होतो. रात्रभर गार करा, परत त्याच ३०० वर मोजा. व्होल्टेज २ टक्क्यांपेक्षा जास्त पडला असेल तर ती मोटर गाडीला लावू नका, जाडी वाढवा नाहीतर यूएच घ्या, आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.