जिभेची आग आणि बी-१२

दोन महिने जीभ नुसती चरचरत होती. सकाळचा चहासुद्धा बशीत ओतून, गार करून प्यायचे. आरशात पाहिलं तर जीभ लालबुंद, गुळगुळीत, वरचे बारीक दाणेच गेलेले. उष्णता समजून सब्जा, गुलकंद सगळं झालं. ढिम्म फरक नाही. शेवटी कोथरूडातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी चालू गोळ्या विचारल्या. मधुमेहासाठी ७ वर्षं मेटफॉर्मिन, त्यात पूर्ण शाकाहार. दोन्हींमुळे बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं. रक्तात बी-१२ निघालं १३८. २००च्या खाली म्हणजे कमीच. लोह आणि तोंडातली बुरशीही तपासली. (दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी नंतर चूळ भराच, नाहीतर ही बुरशी धरते.) बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात आमटी न झोंबता घशाखाली उतरली. मेटफॉर्मिन मनाने बंद केली नाही. बी-१२ मात्र दरवर्षी तपासते.