जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला नाव देताना: ‘नेम’ हे नाव तेवढं देऊ नका

व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला डबा, आणि ‘व्हेरिएबलला अर्थपूर्ण नाव द्या’ असा सल्ला जो तो देतो. अरे बाप्पा, अर्थपूर्ण नाव दिलं म्हणूनच तर माझी वाट लागली होती. शेतकऱ्याचं नाव ठेवायचं म्हणून मी इंग्रजीत ‘नेम’ (name) लिहिलं, याच्याहून अर्थपूर्ण काय असणार?

मी तालुक्याच्या गावी कापसाच्या हंगामात काट्यावरच्या पावत्यांसाठी ब्राउझरमध्ये उघडणारी छोटी छोटी पानं बनवून देतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव, हमाली, खाली रक्कम, झालं. एडिटर, ब्राउझर आणि पानाला जोडलेली एक स्क्रिप्ट एवढं तुमच्याकडे आहे असं धरतो.

पहिलं, नियम. नाव अक्षरानं, अंडरस्कोरनं नाहीतर डॉलरच्या खुणेनं सुरू करा, आकड्यानं नाही. मधात आडवी रेघ नको, ती वजाबाकी समजली जाते. क्लास, न्यू, डिलीट, रिटर्न हे भाषेचेच शब्द आहेत ते चालत नाहीत, आणि कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं. बस.

दुसरं, नावात एकक टाका. वजन१, वजन२, वजन३ असं लिहिणाऱ्याला दिवाळीनंतर आपलंच पान वाचता येत नाही. ‘भरलेलं_किलो’, ‘रिकामं_किलो’, ‘निव्वळ_क्विंटल’ असं लिहा. मी एकदा किलोला क्विंटलच्या भावानं गुणलं होतं, रक्कम शंभरपट आली, नशीब की ती पाहून सगळे हसले आणि पावती फाटली.

तिसरं, लिपी. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नाव चालतं, लोकांना खोटं वाटते पण ‘भाव’ असं सरळ देवनागरीत लिहिलं तरी स्क्रिप्ट धावते. तरी मी लिहित नाही, इथं नावं देवनागरीत दिली ती नुसती वाचायला सोपी म्हणून. कारण ‘शेतकऱ्याचं’ मधला ऱ दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक र खाली नुक्ता देऊन, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण जावास्क्रिप्टसाठी ती दोन वेगळी नावं. माझा कीबोर्ड एक टाकते, भाच्याचा मोबाईल दुसरं टाकते, आणि मग अख्खी दुपार ‘इज नॉट डिफाइन्ड’, म्हणजे हे नाव ठाऊकच नाही, असा एरर पाहत बसा. रोमन अक्षरात मराठी शब्द लिहा, फक्त भावात एक ए की दोन आणि वजनाला व्ही की डब्ल्यू हे फाईलीच्या वरच कॉमेंटमध्ये ठरवून टाका.

आता खरी भानगड.

स्क्रिप्टमध्ये कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, उघड्यावर ‘व्हार’ (व्हेरिएबल तयार करायचा जुना शब्द) लावून व्हेरिएबल केलं की ते ब्राउझरच्या ‘विंडो’ नावाच्या मोठ्या वस्तूवर जाऊन बसते. आणि त्या विंडोवर शेकडो नावं आधीच बसलेली आहेत, त्यातलंच एक ‘नेम’. ती खिडकीची स्वतःची पाटी आहे, तुमचं व्हेरिएबल वेगळं बनतच नाही, तुम्ही त्याच पाटीवर लिहून राहिले असता. त्या पाटीवर फक्त मजकूर मावतो. आकडा टाका, मजकूर होतो. मी तिच्यात पाच शेतकऱ्यांच्या नावांची यादी टाकली होती, तिची स्वल्पविरामांनी जोडलेली एक लांब ओळ झाली, आणि पहिलं नाव मागितलं तर पावतीवर नुसतं ‘र’ छापून आलं. रामरावचा र.

मी यादी काढून टाकली, एका वेळी एकच नाव ठेवलं, आणि वाटलं सुटलो. तर ही पाटी पान रिफ्रेश केलं तरी पुसली जात नाही, त्या टॅबमध्ये तशीच राहते. ‘व्हार नेम’ एवढंच लिहून किंमत दिली नाही तर ते रिकामं नसते, त्यात मागचंच असते. संध्याकाळी काट्यावर गर्दी, पोरानं एका गाडीवाल्याचं नाव टाकायचं राहून गेलं, आणि आधीच्या माणसाच्या नावानं पावती निघाली. तो माणूस दुसऱ्या दिवशी घरी आला, चिडला पण नव्हता, चहा घेता घेता म्हणे, “भाऊ, माह्या कापसाच्या पावतीवर शेजाऱ्याचं नाव काहून हाय जी?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ब्राउझर जिथं एरर दाखवते त्या कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही, एरर नाही, काही नाही. तीन रात्री गेल्या माझ्या त्यात.

बाकीची नावं अशीच बसलेली आहेत, प्रत्येकाची खोड वेगळी. ‘स्टेटस’ मध्ये मी ‘फॉल्स’ म्हणजे खोटं ठेवलं, पैसे दिले नाहीत या अर्थानं. तोही मजकूर झाला, आणि रिकामा नसलेला कोणताही मजकूर इफमध्ये, म्हणजे ‘जर असं असेल तर’ या तपासणीत, खराच धरला जातो, म्हणून सगळ्यांच्या पावतीवर ‘रक्कम अदा’. ‘टॉप’ मध्ये काही टाकलं तर ते गुपचूप फेकलं जाते. ‘लोकेशन’ मध्ये ‘हिंगणघाट’ टाकून पाहा, ब्राउझर हिंगणघाट नावाचं पान शोधायला निघून जाते आणि तुमचा अर्धा भरलेला फॉर्म गेला. ‘प्रिंट’ नावाचं स्वतःचं फंक्शन केलं आणि त्याच्या आत छपाईसाठी ‘विंडो डॉट प्रिंट’ बोलावलं, तर ते परत तुमच्याच फंक्शनला बोलावते, ते परत स्वतःला, आणि शेवटी कॉल स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनची थप्पी) भरला म्हणून ओरडा.

यावर लोक सांगतात की व्हार सोडा, व्हेरिएबल करायला लेट आणि कॉन्स्ट हे नवे शब्द वापरा. २०१५ पासून ते भाषेत आहेत, वापराच. लेटनं ‘नेम’ आणि ‘स्टेटस’ सुटतात, कारण ती विंडोवर जात नाहीत. पण ‘टॉप’ नाहीतर ‘लोकेशन’ लेटनं उघड्यावर लिहा, हे नाव आधीच घेतलेलं आहे म्हणून एरर येतो आणि ती अख्खी फाईल धावतच नाही. दोन फाईलींमध्ये उघड्यावर ‘लेट भाव’ असेल तरी तेच, दुसरी फाईल मेली. तरी मी म्हणतो हे बरं, व्हार असतं तर एकानं दुसऱ्याचा भाव मुकाट्यानं खाल्ला असता.

नावांची यादी पाठ करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. ती यादी वाढत राहते. आमच्या गावात गजानन सात आहेत, चौकात ‘गजानन’ म्हणून हाक मारली तर सात माना वळतात, घरात मारली तर एकच. तेच करायचं, सगळा कोड एका घरात घाला. पूर्ण फाईल एका फंक्शनमध्ये गुंडाळा आणि ते फंक्शन तिथल्या तिथं चालवा, आतल्या पहिल्या ओळीत ‘यूज स्ट्रिक्ट’ टाका, म्हणजे भाषा कडक नियमानं चालते. मग आत ‘नेम’ लिहा की ‘टॉप’ लिहा, ते तुमचं. स्ट्रिक्टमुळं लेट लिहायचं विसरलं तर नवीन नाव आपोआप तयार होत नाही, एरर येतो.

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये टाइप म्हणून मॉड्यूल लिहिलं तर हे घर आयतं मिळते, स्ट्रिक्टसकट. पण काट्यावरच्या कॉम्प्युटरला नेट नसते, तिथं पान डबल क्लिक करून थेट डिस्कवरून उघडतात, आणि तसं उघडलं की ब्राउझर मॉड्यूलची फाईल अडवते. मला हे पान देऊन आल्यावर कळलं, वीस किलोमीटर परत गेलो. दोन्ही पद्धतीत बटणाच्या ‘ऑनक्लिक’मध्ये लिहिलेलं फंक्शन सापडत नाही, कारण ते घराच्या आत आहे. बटणाला स्क्रिप्टमधूनच ‘अॅड इव्हेंट लिसनर’नं जोडा.

पानातल्या रकान्याला, बटणाला ओळख म्हणून देतो त्या आयडीचं वेगळं. इनपुटला ‘वजन’ आयडी दिली की ‘वजन’ नावानं तो रकाना स्क्रिप्टमध्ये आपोआप हजर होतो. तुम्ही स्वतःचं ‘वजन’ करायचं विसरलात तर एरर यायला पाहिजे होता, तो येत नाही, रकान्यालाच भावानं गुणलं जाते आणि पावतीवर ‘एनएएन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं येते. मी आयडीच्या शेवटी ‘_रकाना’ लावतो, ‘वजन_रकाना’, ‘भाव_रकाना’, टक्कर संपली. आणि बटणाला ‘सबमिट’ हे नाव अजिबात देऊ नका, फॉर्मचं सबमिट फंक्शन त्याच्याखाली झाकलं जाते आणि स्क्रिप्टमधून ते फंक्शन बोलावून फॉर्म पाठवता येत नाही.

कोणत्या नावाची शंका आली तर कोऱ्या पानावर कन्सोल उघडा आणि ‘विंडो डॉट’ लावून ते नाव लिहा. ‘अनडिफाइन्ड’ आलं तर जागा बहुतेक रिकामी, दुसरं काही आलं, नुसता रिकामा मजकूर जरी आला, तरी तिथं कोणीतरी राहते.

पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांना हा विंडोचा ताप नाही, तिथं प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढं डॉलर असतो. त्यांची टक्कर इन्क्लूडमध्ये, म्हणजे एका फाईलीत दुसरी जोडताना होते. जोडलेली फाईल त्याच घरात उघडते, तिच्यातला ‘रो’ तुमच्या ‘रो’वर लिहून जातो, म्हणून माझ्या हेडरच्या फाईलीतल्या सगळ्या नावांपुढं ‘हेडर_’ लावलेलं असते.