एआयला फाईल दाखवा, मग बग विचारा

म्हापशाला आमच्या काकांचं काजूचं दुकान आहे, त्यांच्यासाठी मी बिलांचा एक छोटासा प्रोग्राम केलाय. एप्रिलमध्ये ऐन शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत काकांचा फोन, १२ तारखेपर्यंतची बिलं बरी दिसतायत आणि १३ पासून तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’. मी एआयला नुसतं विचारलं, “तारीख चुकतेय, का?” तो टाइमझोनपासून सुरू झाला, अर्धा तास गेला. चूक माझीच, त्याला काही दाखवलंच नव्हतं ना.

तर आधी कोडची फाईल जोडायची. कर्सर किंवा क्लॉड कोड (कोड लिहायला मदत करणारी एआयची साधनं) वापरत असाल तर मेसेज लिहिता लिहिताच @ टाईप करा, पुढे फाईलच्या नावाची दोन-तीन अक्षरं, यादी येते त्यातून निवडा. व्हीएस कोड या एडिटरमधल्या कोपायलट नावाच्या एआयला @ च्या जागी #. हे लक्षात राहत नसेल तर एडिटरमधल्या यादीतून फाईल ओढून चॅटमध्ये सोडा, तेही चालतं. पाठवायच्या आधी बरोबर तीच फाईल जोडली गेलीय ना बघा, माझ्याकडे बिल नावाच्या ३ फाईली होत्या आणि त्यातल्या २ जुन्या.

मग डेटा, आणि हा बहुतेक जण विसरतात. अख्खी सीएसव्ही (बिलांचा डेटा ओळीओळीने ठेवलेली फाईल) नको, एआय मॉडेल एका वेळी किती वाचू शकतं त्याला मर्यादा असते आणि हजार ओळींत कामाची ओळ हरवते. ५-६ ओळी पेस्ट करा, पण त्यात चालणारी एक आणि न चालणारी एक हवीच. गिऱ्हाईकांचे फोन नंबर बदलून खोटे टाका. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरायची गुप्त किल्ली) असलेली फाईल तर जोडूच नका.

एरर जसाच्या तसा कॉपी करायचा, ‘काहीतरी डेटचा एरर येतोय’ याला अर्थ नाही. स्क्रीनशॉट फक्त दिसण्याची भानगड असेल तेव्हा, चॅटमध्ये थेट पेस्ट होतो.

शेवटी माझा मेसेज असा झाला: “@बिल.जेएस मध्ये तारीख वाचली जाते ती जागा बघ. सीएसव्हीत आधी दिवस, मग महिना आहे. १२/०४ चालते, १३/०४ ला इनव्हॅलिड डेट. तेवढंच दुरुस्त कर, बाकी कशाला हात लावू नको.”

लगेच सापडलं. जावास्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ती, पहिला आकडा महिना धरत होती, १३वा महिना कुठून आणणार! पण मग १२/०४ म्हणजे ४ डिसेंबर झाला की, आणि पडद्यावर परत १२/४ असंच छापून येत असल्यामुळे कोणाला संशयच आला नाही. म्हणजे तोवरची बिलंही चुकीचीच, खरं फक्त ४ एप्रिलचं. काकांना एवढं सगळं अजून सांगितलेलं नाही.