छोटे शब्द जुळले की आधी थांबा

‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’. अर्थ एकच, उच्चारही जवळजवळ तोच. हे एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊच, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगायचो. साफ चूक! मध्ययुगीन फारसीत तो ‘वद’ होता. इंग्रजी शब्दाशी त्याचं नातं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: आजचं रूप बाजूला ठेवायचं नि जुनं शोधायचं. मग एका जोडीवर न भुलता रांग लावायची. पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह: संस्कृत ‘प’समोर इंग्रजीत दर वेळी ‘फ’. अशी शिस्त दिसली तरच नातं. खरे नातलग बहुधा हुबेहूब दिसतच नाहीत, गंमत हीच. उलट हुबेहूब दिसणारे परके निघतात: ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला इंग्रजी ‘डॉग’सारखाच शब्द होता, पण तो आला ‘गुडागा’सारख्या जुन्या रूपातून.

एका भाषेनं दुसरीकडून घेतलेले उसने शब्द वेगळे काढा. आई-बापांसाठीचे ‘मामा-पापा’ तर पुराव्यात धरूच नका. बाळांच्या ओठांवर ते कुठेही येतात. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप!

आणि शब्द दोन-तीन ध्वनींचा असेल तर संशय दुप्पट. इतक्या थोड्या ध्वनींत योगायोग सहज जमतो.