लेगोची मोटर आणि चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर: या चुका टाळा

गणपतीच्या आराशीत लेगोचा आकाशपाळणा हवा आणि तो बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरनेच फिरवायचा, असा हट्ट मी धरला तेव्हा घरातून एकच अट आली: "आरतीच्या वेळी फ्यूज उडवू नकोस म्हणजे झालं." फ्यूज शाबूत राहिला. पोर्ट मात्र उडाला.

या मशीनची अनेकांना शाळेपासून ओळख आहे. 1984 मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत पोहोचला. लेगोनेही त्याच दशकात असे कॉम्प्युटर मोटरींना जोडणारा इंटरफेस काढला होता. तो आज शोधत बसण्यापेक्षा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन एक एल293डी आयसी (मोटर चालवणारी चिप), ब्रेडबोर्ड (सोल्डरशिवाय जोडणी करायची पट्टी) आणि थोडी वायर घ्यावी. बाकी गोंधळ आपण घरी घालतोच.

माझी पहिली चूक, आणि बहुतेकांची हीच असते: मोटर थेट यूजर पोर्टला, म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरची उपकरणं जोडायच्या जागी, लावली. पोर्टमागे 6522 नावाची चिप असते. तिच्या एका पिनमधून एक-दोन मिलीअँपिअरच मिळतात. लेगोच्या पॉवर फंक्शन्स मालिकेतली मध्यम मोटर रिकामी फिरतानाच साठ-पासष्ट मिलीअँपिअर घेते आणि पाळण्याचा दांडा अडकला की आठशेच्या पुढे जाते. माझी मोटर जरा थरथरली आणि पोर्ट गप्प झाला. कीबोर्डला वेगळी 6522 असते, म्हणून मशीन चालूच होतं, आणि मी दोन संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो! कॉम्प्युटरने फक्त हुकूम द्यायचा, करंट दुसऱ्याने पुरवायचा.

हा दुसरा म्हणजे एल293डी. त्याच्या 16 नंबरच्या पिनवर 5 व्होल्ट आणि 8 नंबरवर मोटरचे 9 व्होल्ट. या दोन पिनांची अदलाबदल झाली तर नवा आयसी आणायला पुन्हा बुधवार पेठ. मोटरला वेगळा ॲडॉप्टर द्या, पण त्याची ग्राउंड आणि कॉम्प्युटरची ग्राउंड एकत्र जोडा. ही एक वायर विसरली की मोटर कधी फिरते, कधी नाही, आणि हात लावला की वेगळंच वागते. आयसीतच दोनेक व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे पाळणा जरा सुस्त वाटला तर घाबरू नका. मोटर अडकून राहिली तर मात्र हा आयसीही तापतो, त्याची मर्यादा सहाशे मिलीअँपिअरची आहे.

पॉवर फंक्शन्सच्या केबलमध्ये चार तारा असतात. मोटर फिरते ती मधल्या दोन तारांवर. कडेच्या दोन तारा सप्लायच्या, तिथे मोटर जोडून "मोटर मेली" म्हणणारे मी पाहिलेत.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. मशीन चालू केलं की प्रोग्रॅम न चढवताच पाळणा फिरायला लागायचा. कारण असं की सुरुवातीला पोर्टच्या सगळ्या पिना इनपुट असतात आणि आतून 5 व्होल्टकडे ओढलेल्या असतात, म्हणजे आयसीला '1' दिसतो. एक पिन वाचवायला मी दिशेसाठी इन्व्हर्टर (1 चा 0 आणि 0 चा 1 करणारी चिप) लावला होता, त्यामुळे एक इनपुट 1 आणि दुसरा 0 व्हायचा. इन्व्हर्टर काढा, मोटरमागे दोन पिना द्या. दोन्ही 1 असल्या की मोटर थांबलेलीच राहते.

मग बेसिक भाषेत ?65122=3 (65122 हा मेमरीतला पत्ता) लिहून त्या दोन पिना आउटपुट करा. ही ओळ विसरली तर पुढचं काहीच चालत नाही. ?65120=1 म्हणजे सुलट, 2 म्हणजे उलट, 0 म्हणजे थांब. दिशा बदलताना मध्ये क्षणभर 0 द्या, गिअरचे दात वाचतील.

एस्केप दाबल्यावर प्रोग्रॅम थांबतो, मोटर नाही. पोर्टवर शेवटचा आकडा तसाच राहतो. आरती चालू असताना पाळणा थांबेना, तेव्हा कळलं. बेसिक एस्केपलाही एररच धरतं, म्हणून एररवर 0 लिहिणारी ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच टाका.

वेग कमी करायला बेसिकमधून पटापट चालू-बंद करू नका, मोटर ठेचकाळते. 8 दातांच्या गिअरपुढे 40 दातांचा लावा, पाचपट संथ. फुकटात काम होतं.

कमोडोर 64 हा कॉम्प्युटर असेल तर 65122 आणि 65120 च्या जागी पत्ते 56579 आणि 56577. त्याच्या यूजर पोर्टवर 9 व्होल्ट दिसतात म्हणून हुरळून मोटर लावू नका, ते एसी आहेत. स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरला तर असा पोर्टच नाही, मागच्या एज कनेक्टरवर इंटरफेस लावावा लागतो. तो मशीन चालू असताना घालायचा-काढायचा नाही, आणि पत्ता सम आकड्याचा घ्यायचा नाही. नाहीतर मोटरबरोबर स्क्रीनची बॉर्डरही रंग बदलते (मुलांना आवडतं, पण तरी).

जुन्या बाजारातून बीबीसी उचललात तर आधी पॉवर सप्लाय उघडून आतले फिल्टर कपॅसिटर बदलून घ्या. म्हातारपणी तडकतात आणि धूर सोडतात. धूप आपण आरतीत वेगळा लावतोच.